मावशी निघाली

गेल्या आठवड्यात एक जाड, गुळगुळीत निमंत्रणपत्रिका दारात येऊन पडली. शहरात नवं कलादालन उघडलंय. तिथे यंत्रं, वेग आणि उड्डाण या विषयावरच्या तैलचित्रांचं प्रदर्शन भरणार आहे आणि त्यात कै. कुमुद दामले यांचीही काही चित्रं आहेत. इथपर्यंत ठीक होतं. खाली बारीक अक्षरांत परिचय होता: ‘गृहिणी असूनही रंगांची आवड जोपासणाऱ्या...’ पुढचं मी वाचलंच नाही. पत्रिका टराटरा फाडली आणि केराच्या डब्यात टाकली. मग परत काढली, कारण प्रदर्शनाचा पत्ता त्याच्यावरच होता.

गृहिणी! अहो, ज्या बाईने लग्न केलं नाही, जिच्या पोळपाटावर रंग कालवलेले असायचे, जिचा कुकर माझ्या स्वयंपाकघरात लागायचा कारण स्वतःच्या शेगडीवर ती जवसाचं तेल तापवत बसलेली असायची, ती गृहिणी? आणि ‘असूनही’ म्हणजे काय? आणि आवड? आवड लोक भरतकामाची जोपासतात. दामलेबाईंना आवड वगैरे काही नव्हती. त्यांना राग होता. तो त्यांनी कॅनव्हासवर काढला, एवढंच. ज्यांना हे कळत नाही त्यांनी परिचय लिहायला बसू नये, दुसरी कामं पुष्कळ आहेत.

तेव्हा मीच लिहिते.

सदाशिव पेठेत आमची चार मजली इमारत आहे. मी तिसऱ्या मजल्यावर गणिताच्या शिकवण्या घेत असे. दामलेबाई चौथ्यावर राहत आणि गच्चीवरच्या खोलीत चित्रं काढत. त्या खोलीतून टर्पेंटाइनचा वास जिना उतरून थेट माझ्या वर्गात यायचा. एकदा मुलांनी फारच कुरकुर केली म्हणून मी पदर खोचून वर गेले. दामलेबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. अंगात जुना पुरुषी शर्ट, खाली साडी, हातात अर्धं दाढीचं ब्लेड.

“अहो दामलेबाई, तुमच्या या वासाने माझ्या मुलांचं डोकं दुखतं.”

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “मुलांचं डोकं गणिताने दुखत असेल. उगाच माझ्या टर्पेंटाइनवर कशाला ढकलताय?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी एक बोट वर केलं. मी थबकले. दूरवरून लोहगावच्या विमानतळाच्या बाजूने घरघर आली, वाढली, छपराचे पत्रे थरथरवत लढाऊ विमान डोक्यावरून गेलं. आवाज पार विरेपर्यंत ते बोट वरच होतं. मग खाली आलं.

“हं. बोला आता. जे जात असतं त्याला आधी जाऊ द्यावं.”

मी काय बोलायला आले होते तेच विसरले. समोर कॅनव्हासवर करडा, जळका तांबडा आणि मध्येच पांढऱ्या रेघांचा असा काही झपाटा होता की मी मुकाट्याने स्टुलावर बसले. विमान कुठेच नव्हतं. मी विचारलं, “यात विमान कुठाय?”

“गेलं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आत्ता पाहिलंत ना जाताना? मग परत काय विचारता?”

असा आमचा परिचय. त्यानंतर पंधराएक वर्षं आम्ही रोज भांडलो.

त्या बोटाचं मूळ मला पुढे कळलं. दामलेबाई नगर रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात ट्रेसर होत्या. ट्रेसर म्हणजे काय हे आताच्या मुलांना ठाऊक असण्याचं कारण नाही. इंजिनीअर पेन्सिलीने यंत्राचा आराखडा काढायचे, आणि ड्रॉइंग ऑफिसातल्या या बायका त्याच्यावर पारदर्शक कागद ताणून तो शाईने गिरवायच्या. रेघ जरा चुकली की अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडायची, कागद न फाटता. शेजारच्या शेडमध्ये एक राक्षसी घण होता. लालभडक लोखंडावर तो पडला की ड्रॉइंग ऑफिसची जमीन हादरायची, टेबलं हादरायची आणि ओढत असलेली रेघ थरथरायची. म्हणून बायकांनी आपली एक रीत पाडली होती. घण वर जायचा आवाज आला की जिच्या लक्षात येईल ती बोट वर करी. सगळ्या जणी पेनं उचलत. घण पडे, जमीन हादरे, बोट खाली येई, आणि सगळ्यांच्या रेघा पुढे सरकत. दोन घणांच्या मधल्या जागेत या बायकांनी सगळी नोकरी केली.

कामगार त्या घणाला मावशी म्हणत. का, ते कुणाला माहीत नव्हतं. कुणाची तरी मावशी तशी असणार, दुसरं काय! दामलेबाईंचं ड्रॉइंग ऑफिसात मन रमत नसे, पण मावशीबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन शेडच्या दाराशी उभ्या राहून तिला बघत. “एवढं मोठं धूड, पण वर जाताना कशी हलकी व्हायची माहितीय? उडेल असं वाटायचं. मग आठवण झाल्यासारखी खाली यायची.”

उदारीकरण आलं. पेपरात रोज नवी पहाट उगवायची. कारखान्याच्या मालकांच्या लक्षात आलं की आपण खाली जी जमीन दाबून बसलोय, तिच्यात वर घडणाऱ्या लोखंडापेक्षा जास्त दम आहे. आधी ड्रॉइंग ऑफिसात संगणक आले आणि बायकांना गोड शब्दांत घरी पाठवलं. निरोपसमारंभ झाला, भाषणं झाली आणि प्रत्येकीला एकेक मिक्सर दिला. “आता निवांत चटण्या करा,” असं कुणीतरी साहेब म्हणाले आणि सगळे हसले. दामलेबाईंनी मिक्सर घरी आणला, स्क्रू-ड्रायव्हरने उघडला, आतली मोटर काढून टेबलावर ठेवली आणि तिचं चित्र काढलं. ते त्यांचं पहिलं तैलचित्र. बाकीचा मिक्सर भंगारवाल्याला दिला. चटणी माझ्याकडची न्यायच्या.

त्यांची काम करायची पद्धत ट्रेसरचीच राहिली. रंगाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच अर्ध्या ब्लेडने एका दमात खरवडायचा, म्हणजे खालचा उजेड वर येतो. वेग तिथे असायचा, त्या खरवडलेल्या रेघेत. हात मध्ये थांबला तर सगळा थर पुसून पुन्हा पहिल्यापासून. आणि प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात कारखान्याच्या नकाशावर असतात तशा तीन चौकटी: रेखाटले, तपासले, मंजूर. तिन्हींत ‘कु. दा.’

“सगळा जन्म साहेबांनी मंजूर केलं,” त्या म्हणायच्या. “आता मी करते.”

हा शब्द घरातही चाले. माझा चहा ‘मंजूर’. माझी साबुदाण्याची खिचडी ‘नामंजूर, गिचका झालाय’. भोपळ्याची भाजी कायमची नामंजूर.

चित्राला हात लावलेला त्यांना खपत नसे. तैलरंग वरून सुकलेला दिसतो, पण आत महिनोन् महिने ओला असतो, हे त्या प्रत्येकाला दरडावून सांगत. मी एकदा सहज म्हणून कडेला बोट लावलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. कुकर मात्र रोज पाठवत होत्या, शिट्ट्या किती करायच्या ते शेजारच्या काकूंमार्फत कळवून.

एका प्रदर्शनात एक गृहस्थ बराच वेळ त्यांच्या चित्रांसमोर उभे राहून मग जवळ आले आणि म्हणाले, “वा! काय जोर आहे! मिस्टर कुठे आहेत आपले? त्यांना भेटायचं होतं.”

“मलाही भेटायचंय,” दामलेबाई म्हणाल्या. “सापडले तर सांगा.”

दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, कोथरूडच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायला काही फुलंबिलं नाहीत का. तर म्हणे, “मंडईत आहेत. ताजी.” अशा बाईची चित्रं खपायची कशी? पण खपत नव्हती याचा त्यांना राग नव्हता. लोक त्यांच्यासमोर उभं राहून घड्याळ बघायचे, त्याचा होता.

विमानात त्या कधी बसल्या नाहीत. माझ्या स्कूटरवर मागे बसत, डोक्याला रुमाल न बांधता, आणि संगम पूल आला की पाठीवर थाप मारून ओरडत, “पळवा हो! काय वरातीत आहात का?”

कारखाना शेवटी पुरता बंद पडला. मावशीला गॅस कटरने कापून तिचे तुकडे ट्रकमधून भंगारात नेले. हे दामलेबाईंना सांगितलं सोनवणेंनी. सोनवणे तिकडचेच, नगर रोडलगतच्या गावचे. त्या घणाखाली उभं राहून त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि त्यांचं गाव एव्हाना शहरात जमा झालं होतं. कारखान्याच्या जागी काचेची आयटी इमारत उभी राहिली तेव्हा त्याच फाटकावर सोनवणे निळा गणवेश घालून वॉचमन म्हणून उभे राहिले. ते म्हणाले, “बाई, मावशीचा पाया लई खोल हाय. त्यास्नी खणून निघंना. तवा त्याच्यावरच फरशी टाकली अन् आता तिथं ती काय ती, लॉबी हाय.”

 दुसऱ्याच महिन्यात त्या इमारतीची सजावट करणारी मुलगी प्रदर्शनात आली, लॉबीसाठी ‘एनर्जी, मोशन, लोकल कनेक्ट’ असलेलं भव्य चित्र हवंय म्हणाली, आणि आजवर कुणासाठी मागणीबरहुकूम चित्र न काढलेल्या दामलेबाई एका शब्दात म्हणाल्या, “मंजूर.”

त्या चित्राने त्यांचं वर्ष खाल्लं. कॅनव्हास भिंतीएवढा. खालच्या बाजूला नगर रोडची धूळ, पत्र्याच्या शेडी, धुरांडं. आणि त्या सगळ्यातून मावशी वर उठलेली, आपल्या पायासकट, तळाला माती लोंबतेय, लोखंड तापून लाल झालेलं, आणि मागे ब्लेडने खरवडलेल्या पांढऱ्या रेघांचा लोट. ती उडत होती. विमानासारखी पंख पसरून नव्हे, घण जसा वर जातो तशी, फक्त परत खाली न येण्यासाठी. नाव ठेवलं, ‘मावशी निघाली’.

“त्यांनी तिचे तुकडे करून नेले,” त्या म्हणाल्या. “मी तिला अख्खी नेते.”

कोपऱ्यात तीन चौकटी होत्या, पण या वेळी ‘मंजूर’ची चौकट रिकामी होती. मी विचारलं तर म्हणाल्या, “अजून नाही. तिथे लागू दे आधी.”

चित्र जिन्यातून उतरेना. शेवटी दोर बांधून गच्चीवरून खाली सोडलं. अर्धी पेठ रस्त्यावर जमली, दुचाक्या अडकल्या, एक जण ओरडला, “अहो, गणपतीला अवकाश आहे अजून!” दामलेबाई वरून सगळ्यांना शिव्या घालत होत्या, आणि मावशी दोन दोरांवर लटकत, डुलत, सदाशिव पेठेत उतरत होती. मी इतक्या वर्षांत त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

तिकडे कंपनीत निखिल नावाचा एक तरुण होता, फॅसिलिटी मॅनेजर. म्हणजे इमारतीतल्या दिव्यांपासून संडासापर्यंत सगळं ज्याच्या ताब्यात असतं तो. त्याला दामलेबाईंनी माझ्यासमोर बजावलं, “वर्षभर याला हात लावायचा नाही. पुसायचं नाही. धूळ बसली तर बसू दे.” तो प्रत्येक वाक्याला म्हणत होता, “शुअर मॅम, शुअर.” हल्ली ज्याला काही ऐकायचं नसतं तो ‘शुअर’ म्हणतो.

मग खंडेनवमी आली. कारखाने चालू होते तेव्हा पुण्यात त्या दिवशी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, नारळ फुटायचा. मावशीची पूजा सोनवणेंच्या हातची असे. आता आयटी कंपनीनेही हौसेने संगणकांना माळा घातल्या, रांगोळीची स्पर्धा ठेवली, सगळ्यांनी झब्बे घालून फोटो काढले. सोनवणे फाटकावरून हे बघत होते. दुपारी लॉबी रिकामी झाली तेव्हा ते आत गेले आणि मावशीच्या कपाळाला, म्हणजे घणाचं तोंड जिथे रंगवलं होतं तिथे, बोटभर हळद आणि बोटभर कुंकू लावून आले. खाली एक झेंडूचं फूल ठेवलं. सवयीने कुंकू तेलात कालवलं होतं, लोखंडाला लावायचं म्हणून. चित्राला तेलातलं कुंकू! पण त्यांच्या दृष्टीने ते चित्र नव्हतंच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुणे यायचे होते. निखिलने ते कुंकू पाहिलं आणि सफाईवाल्यांना सांगितलं, साफ करा. त्यांनी काच पुसायचं निळं पाणी फवारलं आणि खसाखसा पुसलं. कुंकू गेलं, त्याबरोबर रंगही गेला. मग एकाच ठिकाणी डाग दिसतो म्हणून सगळंच पुसलं.

दामलेबाईंकडे फोन नव्हता. सोनवणेंचा फोन माझ्याकडे आला. “ताई, बाईस्नी सांगा, माज्या हातनं वंगाळ झालं,” एवढंच म्हणून ते रडायला लागले. मी वर जाऊन सांगितलं. दामलेबाईंनी हातातलं ब्लेड खाली ठेवलं, चपला घातल्या आणि म्हणाल्या, “स्कूटर काढा.” वाटेत संगम पुलावर पाठीवर थाप पडली नाही. मी आपणहून पळवली.

मावशीचं तोंड नाहीसं झालं होतं. तिथे चिखलासारखा करडा फराटा होता. पांढऱ्या रेघा फरकटून एकमेकींत मिसळल्या होत्या. निखिल धावत आला.

“मॅम, ॲक्चुअली सिक्युरिटीने त्यावर कलर लावला होता. आम्ही फक्त क्लीन केलं. त्याला आम्ही उद्यापासून येऊ नको सांगितलंय. तुम्ही फक्त सरांना एवढं सांगा ना, की डॅमेज त्या कुंकवामुळे झालं.”

दामलेबाईंनी विचारलं, “कुंकू किती होतं?”

“इथे... एवढं, मॅम.”

“आणि पुसलंत कुठपर्यंत?”

त्याने पार दुसऱ्या कडेपर्यंत हात नेला.

“एवढ्याशा कुंकवाने दहा हात चित्र गेलं म्हणून मी सांगायचं? का हो, तुमच्याकडे गणित शिकवत नव्हते का?” मग त्या सोनवणेंकडे वळल्या. ते लॉबीच्या दाराशी मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस मेला. चित्राला नुसतं बोट लावलं म्हणून माझ्याशी आठवडाभर अबोला धरणारी ही बाई.

“सोनवणे, तुम्हाला कितीदा सांगितलं होतं, हात लावायचा नाही?”

“व्हय बाई. पर खंडेनवमी व्हती. मावशीला कुकू नगं का?”

 दामलेबाई निखिलला म्हणाल्या, “मी दुरुस्त करून देते. पण काम चालू असेपर्यंत आणि नंतरही हा माणूस या फाटकावर उभा दिसला पाहिजे. नाही दिसला तर माझा हात चालणार नाही. विचारा तुमच्या सरांना.”

सर, म्हणजे त्याचे वरचे साहेब, म्हणाले, शुअर.

त्या रोज जात होत्या. मी शिकवण्या आवरून स्कूटरवर सोडायचे, संध्याकाळी आणायला जायचे. लॉबीत शिडी लावून, पुरुषी शर्ट चढवून त्या पुन्हा पहिल्यापासून थर देत होत्या, खरवडत होत्या. गळ्यात पट्टे अडकवलेली मुलं कॉफीचे कप घेऊन बघत उभी राहायची. एका मुलीने विचारलं, “आंटी, हे फोटोशॉपमध्ये किती इझी झालं असतं ना?” दामलेबाई म्हणाल्या, “हो. म्हणूनच मला घरी पाठवलं होतं.” वरून विमान गेलं की शिडीवर बोट वर व्हायचं. हळूहळू ती मुलंही विमान आलं की बोलायची थांबायला लागली. ते पाहून त्या रात्री जेवताना बऱ्याच खुशीत होत्या, माझी खिचडीसुद्धा मंजूर झाली.

शेवटच्या दिवशी आम्ही पोचलो तर फाटकावर नवा माणूस. हिंदीत नाव विचारायला लागला, वही पुढे केली. दामलेबाईंनी वही त्याच्या हातात परत दिली आणि आत गेल्या. चित्र पुरं झालं होतं, नुसता शेवटचा हात फिरवायचा होता. मावशी परत उठली होती, पहिल्यापेक्षाही लाल. तिच्यासमोर सर उभे होते, निखिलला सांगत होते की आता ते रिलिजस वगैरे काही नको, न्यूट्रल ठेवा.

“सोनवणे कुठायत?” दामलेबाईंनी विचारलं.

“मॅम, ती एजन्सीची पॉलिसी असते. रोटेशन,” निखिल म्हणाला. “आमच्या हातात नसतं.”

मला वाटलं त्या ओरडतील. मी तयार होते, मलाही ओरडायचं होतं. पण त्या शिडी चढल्या. पिशवीतून शेंदरी लाल रंगाची ट्यूब काढली, टोपण दातांनी उघडलं, आणि ब्रश नाही, ब्लेड नाही, स्वतःच्या बोटावर रंग घेतला. मावशीच्या कपाळावर तो दाबून लावला. मग पिवळा घेतला, शेजारी हळद. ज्या बाईने आयुष्यात कुणाला चित्राला बोट लावू दिलं नाही, त्या बाईने. मग खाली उतरून त्याच लाल बोटाने कोपऱ्यातल्या रिकाम्या चौकटीत ‘कु. दा.’ लिहिलं.

“मंजूर,” त्या म्हणाल्या. “आता पुसा.”

 सरांचा चेहरा तापला. “हे आमच्या प्रिमायसेसमध्ये चालणार नाही. घेऊन जा. आय डोंट वाँट धिस हिअर.”

“मंजूर,” दामलेबाई पुन्हा म्हणाल्या.

पण न्यायचं कुठे? आमच्या गच्चीवर तोवर सोसायटीने मोबाइलचा टॉवर बसवला होता आणि त्या खोलीला कुलूप लागलं होतं. त्या सभेत एकटी मी विरोधात बोलले होते. बाकीच्यांना गच्चीवर टॉवर चालतो, चित्र चालत नाही. मी सोनवणेंना फोन लावला. त्यांनी त्यांच्या भाच्याचा टेम्पो पाठवला, मार्केट यार्डात कांदे ओतून तसाच रिकामा आलेला. सोनवणेही आले, साध्या सदऱ्यात. म्हणाले, गावच्या तालमीची भिंत मोकळी हाय, पोरं जीव लावतील.

चित्र टेम्पोत आडवं बसेना. निखिल, अगदी मदतीच्या भावनेने, म्हणाला, “मॅम, मधून कट करून दोन पार्ट केले तर आरामात बसेल.”

तेव्हा त्या फुटल्या. “एकदा कापलीत ना रे तिला! इथेच कापलीत, याच फरशीखाली! भूक भागली नाही का तुमची? पायावर नाचता तिच्या, तिला माळ घालायला तुम्हाला लाज वाटते, आणि वर कात्री घेऊन येता? हात लावून दाखव, बघते!” त्या मुलाला बिचाऱ्याला काहीच कळत नव्हतं. हा कारखाना होता तेव्हा तो शाळेत असेल. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. अजूनही येत नाही.

चित्र उभं ठेवलं. एका बाजूने सोनवणेंनी धरलं, दुसऱ्या बाजूने दामलेबाई स्वतः हौद्यात चढल्या. मी म्हटलं, अहो, पुढे बसा ड्रायव्हरशेजारी, पडाल. तर म्हणे, “इतकी वर्षं मागेच बसलेय ना तुमच्या?”

त्यानंतरही मी दामलेबाईंना पाहिलं. इस्पितळात, नाकात नळ्या, हात पांघरुणावर ठेवलेले, स्वच्छ. नखांत रंग नव्हता. त्या दामलेबाई नव्हत्याच, मी ते धरत नाही.

मी धरते ते हे. टेम्पो फाटकातून नगर रोडला लागला. मी मागे स्कूटरवर. कांद्याची सालं उडून माझ्या तोंडावर येत होती. कॅनव्हासमध्ये वारा भरला, तो शिडासारखा फुगला, सोनवणे ओरडत होते, “हळू घे रं!” आणि दामलेबाई टपावर थापा मारत होत्या, “पळव! पळव!” पांढरे केस सुटले होते, पुरुषी शर्ट फडफडत होता, आणि दोघांच्या मध्ये मावशी, कपाळाला ओलं कुंकू, आपल्या पायावरून निघालेली, अख्खी. मग दामलेबाईंनी वळून त्या काचेच्या इमारतीकडे पाहिलं आणि बोलायला लागल्या. हात नाचवून, मोठ्याने. तेवढ्यात लोहगावहून विमान उठलं. मी सवयीने त्यांच्या बोटाकडे बघितलं. बोट वर गेलं नाही. विमान अगदी डोक्यावर आलं, रस्ता दणाणला, मला माझ्याच स्कूटरचा आवाज ऐकू येईना, तरी त्या थांबल्या नाहीत. त्या बोलतच होत्या, विमानाच्या वरताण. त्या काय म्हणाल्या ते मला आजतागायत माहीत नाही. विमानाचा आवाज विरला तोवर टेम्पो वळून गेला होता.